धमनीतलं गणित
हृदयाच्या मोठ्या तपासणीसाठी गोंदियाकर बहुधा नागपूरची गाडी पकडतात; सुमारे १३० किलोमीटर. अँजिओग्राफीत धमनी अरुंद दिसली की घरात स्टेंटची चर्चा सुरू होते. पण दिसणारा अडथळा आणि रक्ताची खरी अडवणूक या वेगळ्या गोष्टी. खरं माप दाबाचं: औषधानं प्रवाह वाढवून अडथळ्यापलीकडचा दाब भागिले अलीकडचा. उत्तर ०.८० पेक्षा जास्त आलं तर सहसा स्टेंट लागत नाही.

एरवी त्यासाठी बारीक तार धमनीत सरकवावी लागते. संगणक मात्र सीटी स्कॅनवरून धमन्यांची त्रिमितीय प्रतिकृती बनवतो आणि तिच्यावर द्रवप्रवाहाची नेव्हिए-स्टोक्स समीकरणं सोडवतो. कालव्याच्या कोणत्या फाट्याला पाणी कमी पडेल हे नकाशावरून काढावं तसं. अमेरिकेत चार्ल्स टेलर आणि क्रिस्टोफर झारिन्स यांनी ही वाट रुळवली. त्यांच्या हार्टफ्लो कंपनीच्या पद्धतीला तिथल्या औषध-उपकरण नियामक एफडीएनं २०१४ मध्ये परवानगी दिली.

स्कॅनची फाईल इंटरनेटवरून कुठंही जाते, म्हणून लहान शहरांना ही पद्धत मला सोयीची वाटते. मेख स्कॅनमध्येच आहे. धमनीत कॅल्शियम फार साचलं असेल किंवा जलद ठोक्यांमुळे चित्र हललं, तर गणितही फसतं. आणि झटका आलेल्यानं या फंदात पडू नये. थेट जवळचं रुग्णालय गाठावं.