पिंजऱ्यातला भुकेला : गिनी पिगचे दात आणि मंदावलेली भूक
(लहान पाळीव प्राणी : लेखांक ६)

गिनी पिगच्या तोंडात २० दात असतात आणि ते वीसही मरेपर्यंत वाढत राहतात. समोर वर दोन आणि खाली दोन पटाशीचे दात, सुळे अजिबात नाहीत, मग थोडी मोकळी जागा आणि आत प्रत्येक बाजूला वर चार व खाली चार दाढा, अशी ही रचना असते. उंदराच्या दाढा एकदा आल्या की वाढत नाहीत, वाढतात ते फक्त पुढचे दात. गिनी पिगच्या दाढांनाही मूळ बंद होऊन थांबणे ठाऊक नसते. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरचे राठ गवत दिवसभर दळणाऱ्या प्राण्याची ही सोय आहे. गवताने दात जितके झिजतात तितकेच ते खालून वर येतात. झीज थांबली तरी वाढ मात्र चालूच राहते.

खालचा जबडा वरच्यापेक्षा रुंद असल्यामुळे दाढांचे माथे सपाट नसून सुमारे ३० अंशांनी तिरके असतात. झीज कमी पडली की खालच्या दाढांची टोके आत, जिभेकडे वाढतात आणि वरच्यांची बाहेर, गालाकडे. वरच्या टोकांनी गाल सोलवटतो. खालची दोन्हीकडची टोके वाढता वाढता जिभेवर कमान धरतात. जीभ तिच्याखाली अडकली की घास मागे ढकलता येत नाही. या अवस्थेतला प्राणी भुकेला असतो, हे पाळणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यायला हवे. कोथिंबीर दिसली की तो धावत येतो, काडी तोंडात घेतो, मान झटकतो आणि ती टाकून देतो. घरचे लोक याला ‘नखरे’ म्हणतात आणि आणखी मऊ, आणखी गोड काहीतरी पुढे करतात. त्यामुळे दाढांची झीज आणखी घटते.

बाकीच्या खुणाही बोलक्या असतात. हनुवटी आणि छातीवरचे केस लाळेने ओले राहतात, लेंड्या बारीक व कमी होतात, एकाच बाजूने चघळणे सुरू होते. दाढांची मुळे उलट दिशेने वाढली तर खालच्या जबड्याच्या कडेला टेंगळे हाताला लागतात. वरची मुळे डोळ्याच्या खोबणीकडे सरकली तर त्या डोळ्यातून पाणी येते. मात्र या सगळ्यांच्या आधी वजन घटलेले असते, आणि दाट केसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. प्रौढ गिनी पिगचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा त्याचे वजन घेऊन कॅलेंडरवर लिहून ठेवावे. ५० ग्रॅमची घट दिसली की रोज वजन करावे. दहावा हिस्सा गेला असेल तर वाट पाहू नये.

वाट न पाहण्याचे कारण पोटात आहे. गिनी पिगचे पचन मोठ्या अंधनालातल्या जंतूंवर चालते आणि त्यांना तंतूंचा पुरवठा अखंड लागतो. खाणे थांबले की आतडे मंदावते, वायू धरतो, पोट दुखते आणि दुखण्यामुळे उरलेसुरले खाणेही बंद होते. लठ्ठ प्राण्यात शरीरातली चरबी यकृतात साठू लागते. कुत्र्याने एक दिवस अन्न सोडले तर फारसे बिघडत नाही. गिनी पिगने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही तर तो तातडीचा रुग्ण समजावा.

दात बिघडण्यामागे कधी आनुवंशिक ठेवण असते, कधी पडून झालेली इजा. दोन कारणे मात्र माणसाच्या हातातली आहेत. पहिले म्हणजे गवताचा अभाव, दुसरे ‘क’ जीवनसत्त्वाचा. माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही हे जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक बेरीबेरीचा अभ्यास करण्यासाठी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवत होते, तेव्हा या प्राण्यांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाला. त्या स्कर्व्हीमुळेच पुढे ‘क’ जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट उघडली. या जीवनसत्त्वाविना दात जबड्यात धरून ठेवणारे तंतू दुबळे होतात, दात हलतात, वाकडे झिजतात आणि सांधेही दुखतात. निरोगी प्राण्याला रोज दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम, तर आजारी किंवा गाभण असेल तर ३० मिलिग्रॅमपर्यंत ते लागते. ढोबळी मिरची हा त्याचा सोपा, कमी साखरेचा स्रोत आहे. पेरूतही (माळव्यात त्याला जाम म्हणतात) ते भरपूर असते, पण तो गोड असल्याने लहान फोडच द्यावी. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकण्याचा फारसा उपयोग नाही, कारण पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नासते. गोळीखाद्याचे जुने पाकीटही त्या बाबतीत निकामी ठरते.

माळव्यातल्या महू-इंदूर भागात गवत मिळते, अडचण निवडीची असते. दुकानातले टिमोथी गवत परदेशातून येते आणि महाग पडते. पावसाळ्यानंतर कापून सावलीत वाळवलेले, बुरशी न आलेले स्थानिक गवत किंवा हरळी चालते. हिवाळ्यात बाजारात येणारी बरसीम आणि लसूणघास जनावरांसाठी उत्तम असली, तरी त्यांत कॅल्शियम जास्त असते. पिल्लांना ती द्यावी, प्रौढांना क्वचितच. गव्हाचा भुसा कोरडा आणि निकस, तो अंथरायला ठीक. सोयाबीनच्या शेताच्या बांधावरचे गवत फवारणीमुळे टाळावे. आणि इंदुरी घरात नाश्त्याला पोहे-शेव असली, तरी त्यातली चिमूट पिंजऱ्यात जाऊ नये. आहाराचा सुमारे ८० टक्के भाग गवताचाच हवा.

निदान घरी होत नाही. तोंड अरुंद आणि गाल आत दुमडलेले असल्याने जाग्या प्राण्याच्या दाढा जेमतेम दिसतात. नीट तपासणी भूल देऊन होते आणि मुळांची स्थिती कवटीच्या एक्स-रेमध्ये कळते. महूत १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि आज ते जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले आहे. तरीही कुठल्याही दवाखान्यात जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात : गिनी पिगला भूल देण्याचा अनुभव आहे का, आणि दाढा घासण्याचे लहान यंत्र आहे का. नेलकटरने पुढचे दात कापणारा माणूस टाळावा. दात उभा चिरतो आणि चीर मुळापर्यंत जाते. शिवाय पुढचे दात लांबलेले दिसतात तेव्हा मूळ दोष बहुधा दाढांत असतो. गिनी पिगला उलटी होत नाही, म्हणून भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवण्याची गरज नसते. तसे ठेवणे घातकच ठरते. मे महिन्यात प्रवास पहाटे करावा. पारा तिशीवर गेला की या प्राण्याला उष्माघात होऊ शकतो, आणि नुसत्या उकाड्यानेही त्याची भूक मरते.

औषधांत एक इशारा जिवाच्या मोलाचा आहे. घरात उरलेले अ‍ॅमॉक्सिसिलिन किंवा अ‍ॅम्पिसिलिन त्याला कधीही पाजू नये. ही प्रतिजैविके आतड्यातले उपयुक्त जंतू मारतात, विषारी जंतू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावतो. वेदनाशामक मात्र हवेच, पण पशुवैद्याने वजनावरून ठरवून दिलेले. दुखणे थांबल्याखेरीज खाणे सुरू होत नाही.

दाढा घासून पूर्ववत केल्या तरी प्राणी त्याच संध्याकाळी गवत खाऊ लागेल असे नाही. जबड्याचे स्नायू ताणलेले असतात, त्यामुळे काही दिवस, कधी आठवडे भरवावे लागते. गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करावी. दिवसभरात दर किलो वजनामागे ५० ते ८० मिलिलिटर, निदान पाच-सहा वेळांत विभागून द्यावी. प्राण्याला टॉवेलमध्ये सैल गुंडाळून पोटावर बसवावे, उताणे कधीही करू नये. सिरिंजचे टोक बाजूने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत घालून एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर सोडावे आणि चघळून गिळेपर्यंत थांबावे. घाई केली तर अन्न फुप्फुसात जाते. दूध, दही, वरणभात, साखरपाणी यांतले काहीही देऊ नये. समोर ताजे गवत सतत असावे आणि सोबती असेल तर तो जवळ असू द्यावा. सोबत्याला खाताना पाहून पुष्कळ आजारी प्राणी तोंड हलवू लागतात.

बिघडलेली ठेवण बहुतेकदा कायमची असते. काहींच्या दाढा दर दीड-दोन महिन्यांनी घासाव्या लागतात आणि असे प्राणी चांगले जगतातही. पण मुळे जबड्याच्या हाडातून बाहेर आली असतील, गळू पुन्हा पुन्हा धरत असेल आणि दाढा घासूनही प्राणी स्वतःहून खात नसेल, तर सुखमरणाचा विषय पशुवैद्याकडे आपणहून काढावा. ते क्रौर्य नव्हे.

(पुढील लेखांकात : गिनी पिगचा मूतखडा)