वीज डहाणूत बनते, मग आपली मोटर का जळते? व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्सचं साधं गणित

डहाणू आणि तलासरीच्या गावपाड्यांत एक तक्रार नेहमी ऐकू येते. मगरीबच्या सुमाराला बल्ब पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो, विहिरीवरची मोटर नुसती घूं घूं करते आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. मग रिवाइंडिंगचा खर्च आलाच. लोक विचारतात, डहाणूत १९९५ पासून औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, मग आपल्याच घरात व्होल्टेज कमी का?

तिथली वीज मुंबईच्या उपनगरांसाठी जाते आणि आपल्याकडे पुरवठा महावितरणचा आहे, हे एक उत्तर झालं. पण खरी गोष्ट वेगळी आहे. वीज किती लांबून आली यापेक्षा शेवटच्या काही मीटरमध्ये तार कशी आहे, हे आपल्या मोटरसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

आधी तीन शब्द समजून घेऊ. चिकूच्या वाडीतली पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. हा जोर म्हणजे व्होल्टेज. पाइपातून दर सेकंदाला जितकं पाणी जातं, तो करंट. आणि पाइप अरुंद किंवा लांब असला की होणारी अडवणूक म्हणजे रेझिस्टन्स. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात यांनाच विभवांतर, विद्युतधारा आणि रोध म्हणतात. जॉर्ज ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये यांचा हिशोब मांडला: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स.

आता हा हिशोब घरी लावू. मीटरपासून विहीर १०० मीटरवर आहे आणि तिथपर्यंत एक एमएमची तांब्याची वायर ओढली आहे. जाणारी आणि येणारी मिळून २०० मीटर तार झाली. तिचा रेझिस्टन्स साधारण साडेतीन ओम. एक हॉर्सपॉवरची मोटर ६ अँपिअर घेत असेल, तर ६ गुणिले साडेतीन, म्हणजे २१ व्होल्ट तारेतच संपले. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, मिक्सर एकदम चालू होतात. तेव्हा मीटरवरच २१० व्होल्ट येत असतील, तर मोटरला मिळाले १८९. सुरू होताना तर मोटर काही क्षण पाच-सहा पट करंट मागते. तेव्हा व्होल्टेज इतकं कोसळतं की ती फिरतच नाही.

इथे बऱ्याच जणांची चूक होते. व्होल्टेज कमी म्हणजे धोका कमी, असं वाटतं. साध्या पिवळ्या बल्बाचं तसंच आहे, तो फक्त मंद होतो. पण मोटरला पाणी तर तेवढंच उचलायचं असतं. जोर कमी मिळाला की ती जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आतली वाइंडिंग जळते ती यामुळे.

म्हणूनच वीज केंद्रातून वीज २२० हजार व्होल्टने बाहेर पडते. तेवढीच वीज दहापट व्होल्टेजने पाठवली की करंट दहावा हिस्सा लागतो आणि त्याच तारेत वाया जाणारी उष्णता शंभरावा हिस्सा उरते. डहाणू रोड स्टेशनवर रुळांवरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात, त्यामागेही हेच कारण.

आपल्या हातात काय आहे?

वायर जाड घ्या. त्याच विहिरीला चार एमएमची वायर टाकली, तर २१ ऐवजी जेमतेम ५ व्होल्ट वाया जातात. पैसे एकदाच जास्त लागतात, पण मोटर वाचते. लांब एक्स्टेंशन वायर गुंडाळलेली ठेवून जास्त लोड चालवू नका, उष्णता आतच कोंडते. काळे पडलेले, सैल जोड दुरुस्त करून घ्या. सैल जोड म्हणजे वाढलेला रेझिस्टन्स. मोटर घूं घूं करत असेल तर लगेच बंद करा. स्टॅबिलायझर आपल्या घरापुरता आधार देतो, पण त्यासाठी लाइनमधून जास्त करंट घेतो, त्यामुळे शेजाऱ्याचं व्होल्टेज आणखी पडतं. डीपीवरूनच कमी येत असेल तर शेजाऱ्यांनी मिळून महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवावी.

शेवटची गोष्ट पावसाळ्याची. कोरड्या त्वचेचा रेझिस्टन्स हजारो ओम असतो. ओल्या हातापायांनी तो हजार ओमच्या आसपास येतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. एवढा करंट छातीतून गेला तर हृदय बंद पडू शकतं. एमसीबीला हा करंट फारच थोडा वाटतो, ती पडत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग मात्र जीव वाचवतं. ओल्या हाताने मोटरच्या स्विचला हात लावू नका, आणि ही गोष्ट घरातल्या मुलांनाही आजच सांगा.