झाडपाला आणि क्षयाची गोळी

परभणीहून जिंतूरकडे निघा किंवा पाथरीकडे. गावाच्या कडेला, परसात, बांधावर लांबट हिरव्या पानांचं एक झुडूप दिसेल. अडुळसा. कुंपणाला तो मुद्दाम लावतात, कारण वाटेतलं काहीही ओरबाडणारी शेळीदेखील त्याला तोंड लावत नाही. पान इतकं कडू! आणि शेळी ज्याला नाक मुरडते, त्याच पानातून जगभरच्या छातीचं औषध निघालं आहे.

आपल्याकडे खोकला आणि क्षयावर अडुळसा देण्याची रीत शतकानुशतकांची. पण या पानात असतं काय? 1888 मध्ये उटीला काम करणाऱ्या डेव्हिड हूपर या रसायनज्ञाने त्यातून एक अल्कलॉइड वेगळं काढलं, व्हॅसिसिन. पुढे त्याच्या रेणूत फेरफार करता करता 1960च्या दशकात जर्मनीतून ब्रोमहेक्सिन हे घट्ट कफ पातळ करणारं औषध आलं. ते पोटात गेलं की शरीर त्याचं अ‍ॅम्ब्रॉक्सॉल बनवतं. हे नाव ओळखीचं वाटतंय? घरातल्या खोकल्याच्या औषधाची बाटली काढा आणि लेबल वाचा. बांधावरच्या अडुळशाचा नातू बहुधा तिथेच बसलेला सापडेल.

आता क्षयाच्या जंतूकडे वळू. भलताच चिवट गडी. अंगावर मेणचट कवच, आणि वाढ इतकी संथ की एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस जातो. आतड्यातला साधा ई-कोलाय हे काम वीस मिनिटांत उरकतो. बरीचशी औषधं जंतू वाढत असतानाच त्याला गाठतात. हा मात्र सुस्तावून दडून बसतो. म्हणून तर साध्या क्षयालाही सहा महिने गोळ्या खाव्या लागतात.

त्या गोळ्यांमधला बिनीचा शिलेदार म्हणजे रिफाम्पिसिन. हे काय नुसतं कारखान्यातलं ‘केमिकल’ आहे? मुळीच नाही! 1957 मध्ये फ्रान्सच्या समुद्रकाठी पाइनच्या झाडांखालची माती इटलीतल्या प्रयोगशाळेत आणली गेली. त्या मातीतल्या एका जंतूने तयार केलेल्या द्रव्यावर संस्कार करून हे औषध घडलं. थोडक्यात, काढ्याचं मूळ मातीत आणि गोळीचंही मातीतच.

मग ही दोन भावंडं एकमेकांना मदत करतील का? 1996 मध्ये लंडनच्या संशोधकांना दिसलं की ब्रोमहेक्सिन आणि अ‍ॅम्ब्रॉक्सॉल प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूची वाढ रोखतात. 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात अ‍ॅम्ब्रॉक्सॉलच्या जोडीने रिफाम्पिसिनचा प्रभाव वाढला. माणसाला तसंच लागू होईल असं यावरून म्हणता येत नाही, पण अडुळशाच्या नातवाने बरोबर आजोबांच्याच शत्रूला गाठावं, ही केवढी नवलाची गोष्ट!

खरी करामत मात्र पिंपळीची. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूतली ती तिसरी. 1920च्या दशकाच्या अखेरीस बोस नावाच्या अभ्यासकाने नोंदवलं, की अडुळशात पिंपळी घातली तर दम्यावर त्याचा गुण वाढतो. असं का व्हावं? पन्नासेक वर्षांनी जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पुन्हा उचलला, आणि तो त्यांना पिंपळीतल्या तिखट पिपरिनपर्यंत घेऊन गेला.

आपल्या आतड्याच्या पेशींवर बारीक पंप असतात. वावरात शिरलेली गुरं राखणदाराने हाकलावीत, तसे ते आत येऊ पाहणारं औषध परत बाहेर ढकलतात. पिपरिन या राखणदारांना थोपवतं आणि औषध रक्तात जास्त उतरतं. याच तत्त्वावर 2009 मध्ये भारतात एक गोळी बाजारात आली. नेहमीच्या 450 मिलिग्रॅम रिफाम्पिसिनऐवजी तिच्यात फक्त 200 मिलिग्रॅम होतं, आणि सोबत अवघं 10 मिलिग्रॅम पिपरिन. चिमूटभरसुद्धा नाही!

मग रोज घरीच पिंपळीचा काढा उकळावा का? थांबा. त्या गोळीत पिपरिन मोजून घातलेलं असतं आणि रिफाम्पिसिन त्या हिशेबाने कमी केलेलं. घरच्या पातेल्यात असलं मोजमाप कुठून आणणार? पिपरिनमुळे फिटच्या फेनिटॉइनसारख्या औषधाचं रक्तातलं प्रमाणही वाढू शकतं. क्षयाच्या गोळ्यांचा यकृतावर आधीच ताण असतो, त्यात अनोळखी झाडपाल्याची भर नको. आणि व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं, म्हणून गरोदर बाईने अडुळशापासून लांबच राहावं.

झाडपाल्याचं मोठेपण गोळीची जागा घेण्यात नाही. गोळीला बळ देण्याची ताकद त्याच्यात आहे, आणि ती खरी आहे म्हणूनच ती जपून वापरायची. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला 1000 रुपयेही मिळतात. बरं वाटलं तरी गोळ्या मधेच सोडू नका. आणि घरी काढा घेत असाल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.