टू-स्ट्रोक मोटारसायकल व नवशिका स्वार

बीड जिल्ह्यांतील तेलगावहून धारूरकडे निघालें, कीं सपाट रस्ता संपून बालाघाटाचा घाट लागतो. अशा मुलखांत दुचाकी शिकूं पाहणाऱ्या तरुणाला घरांतील जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल योग्य होय काय?

या एंजिनांत मुख्य दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदां शक्ति निर्माण होते. फोर-स्ट्रोकमध्यें ती दोन फेऱ्यांतून एकदां. त्यामुळें यंत्र लहान, हलकें, पण जोरकस असतें. १९८५ ते १९९६ या काळांत भारतांत निघालेली यामाहा आर. एक्स. १०० केवळ ९८ घनसेंटिमीटरची असूनहि सुमारें ११ अश्वशक्ति देई. परंतु ही शक्ति समप्रमाणांत येत नाहीं. आरंभीं मंद वाटणारें यंत्र फेरे वाढतांच एकाएकीं उसळी घेतें. ज्याचा हात अद्याप बसलेला नाहीं, तो येथेंच गडबडतो.

उताराची गोष्ट याहून बिकट. मूठ मिटली तरी टू-स्ट्रोक एंजिन गाडीला फारसें आवरून धरीत नाहीं. भार ब्रेकांवर पडतो. शिवाय पेट्रोलांत मिसळलेलें तेल हेंच जिचें वंगण, ती गाडी मूठ मिटून दीर्घ उतार उतरल्यास तेल अपुरें पडून दट्ट्या अडकण्याचा धोका असतो. अनुभवी स्वार मधून मधून मूठ किंचित् उघडतो. नवशिक्याला हें भान कोठून असणार?

म्हणून पहिले धडे शिकाऊ परवाना व शिरस्त्राण घेऊन, फोर-स्ट्रोकवर, मोकळ्या मैदानांत व्हावेत. टू-स्ट्रोक त्याज्य नव्हे; हात स्थिर झाल्यावर तिच्याकडे वळावें, आणि घाट त्याहिनंतर.