क्रियापदाची जागा आणि भाषांचे नियम

'सीता टेबलावर पुस्तक ठेवते' या साध्या वाक्यात कर्म आधी आणि क्रियापद शेवटी येते. 'वर' हे शब्दयोगी अव्ययही नामानंतरच लागते. इंग्रजीत दोन्ही गोष्टी नेमक्या उलट आहेत. तेथे क्रियापद कर्माच्या आधी आणि 'ऑन' टेबलाच्या आधी. वरवर पाहता या दोन सवयींचा परस्परांशी संबंध नाही. मग त्या जोडीनेच का याव्यात?

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधासाठी ३० भाषांची तुलना केली. त्यांत हिंदी व कन्नड होत्या, मराठी नव्हती. त्यातून त्यांनी ४५ सार्वत्रिक नियम मांडले. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत अशी अव्यये बहुधा नामानंतर येतात, हा त्यांपैकीच एक. भाषारचनांच्या जागतिक नकाशासंग्रहाची ऑनलाइन आवृत्तीही याला दुजोरा देते. कर्मानंतर क्रियापद येणाऱ्या ४७२ भाषांत अव्यय नामानंतर येते, केवळ १४ भाषांत आधी. फारसी ही अशीच एक बंडखोर. 'बेकायदा'मधला 'बे' मराठीने तिच्याकडूनच उचलला.

भाषेची मूलभूत चौकट माणसाला जन्मतःच लाभते, असे नोम चॉम्स्की यांचे प्रतिपादन आहे. वरील आकडे त्याचा पुरावा मानण्याचा मोह कोणालाही होईल; परंतु खरी अडचण मोजणीतच आहे. मराठी आणि कन्नड भिन्न कुळांतल्या, तरी शतकानुशतके शेजारी नांदलेल्या. अशा सहवासातून भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' बनल्याचे मरे एमेनो यांनी १९५६ मध्येच दाखवले होते. एकमेकांचे ऐकून बोलणारे साक्षीदार स्वतंत्र कसे मानायचे?

मायकेल डन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'नेचर'मध्ये याहून मोठा धक्का दिला. चार भाषाकुळांच्या वंशावळी तपासल्यावर शब्दक्रमातील हे बंध प्रत्येक कुळात निराळे असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे येथे मेंदूच्या घडणीपेक्षा घराण्याचा वारसा प्रबळ ठरतो. या पद्धतीवर आक्षेप आले आणि वाद अद्याप मिटलेला नाही.

तो मिटवायचा तर वेगळ्या घडणीच्या, एकाकी भाषांची साक्ष हवी आणि नेमक्या त्याच झपाट्याने लोपत आहेत. अंदमानातील 'बो' भाषेच्या अखेरच्या भाषक बोआ सीनियर जानेवारी २०१० मध्ये निवर्तल्या. त्यांच्यासह मोजक्या भाषकांकडून अन्विता अब्बी यांनी ग्रेट अंदमानी भाषेची नोंद केली होती. मानवी शरीराच्या अवयवांवरून शब्दांचे वर्ग पाडणाऱ्या या भाषेचे व्याकरण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.