बाशिंगाच्या ओळखीची तीन शतकं

तेरणा नदीकाठच्या माकणीकडून पावसाळ्यात कोकणात उतरलं की जुन्या झाडांच्या खोडांवर एक नेचा नजरेत भरतो. त्याचं नाव बाशिंग. तेरणेकाठच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला ते बांडगूळ वाटतं. पण बाशिंग झाडाचा रस शोषत नाही. त्याला केवळ आधार लागतो.

ग्रंथांतली त्याची ओळख जुनी आहे. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यांच्या ‘हॉर्टस मलाबारिकस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात निघाले. बाशिंगाचं चित्र शेवटच्या खंडात आहे. रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांनी या ग्रंथाला माहिती पुरवली. त्यांचा देवनागरीतला दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे.

१७५३ मध्ये लिनिअसने बाशिंगाला ‘पॉलिपोडियम क्वेर्सिफोलियम’ असं नाव दिलं. पानामागे बीजाणूंचे गोल ठिपके असणारे कितीतरी वेगवेगळे नेचे तेव्हा याच एका वंशात जात. १८४१ मध्ये जॉन स्मिथ यांनी ते ‘ड्रायनेरिया’ वंशात नेलं. पुढे दक्षिण भारतातल्या नेच्यांवर बेडोम यांनी ग्रंथ लिहिले. आपल्या भागासाठी फादर ब्लॅटर आणि डी’आल्मेडा यांचं ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ १९२२ मध्ये आलं. आता काही अभ्यासक बाशिंगाला ‘ॲग्लाओमॉर्फा’त घालतात.

वंश बदलत गेले, खुणा मात्र त्याच राहिल्या. बाशिंगाला दोन तऱ्हेची पानं असतात. खोडाला बिलगलेली आखूड, बिनदेठाची पानं लवकर तपकिरी होतात, पण गळत नाहीत. पालापाचोळा अडवून ती मुळांसाठी खत साठवतात. दुसरी हिरवी, लांब देठाची, खोल कापलेली पानं अन्न तयार करतात, त्यांच्याच पाठीवर बीजाणूंचे बारीक गोल ठिपके येतात आणि उन्हाळ्यात ती झडतात. बाशिंगाचं स्वतःचं जाड, मांसल खोड तपकिरी खवल्यांनी झाकलेलं असतं. सह्याद्रीत झाडांवर वाढणाऱ्या लेपिसोरस या दुसऱ्या नेच्याचं पान अखंड, पट्टीसारखं असतं. तिथे घोटाळा होण्याचं कारण नाही.

एकच पान तोडून आणलं तर या नेच्याची ओळख अर्धीच राहते. म्हणून दोन्ही तऱ्हेच्या पानांचे आणि हिरव्या पानाच्या पाठीचे फोटो घ्या, कोणत्या झाडावर दिसलं ते लिहून ठेवा आणि बाशिंग झाडावरच राहू द्या.