आधी बोलणाऱ्याची किंमत

होल्डेम पोकरमध्ये रिव्हर, म्हणजे पाचवा पत्ता, टेबलावर उघडला की हात सुधारण्याची आशा संपते. पैसे लावायची एक शेवटची फेरी तेवढी उरते. त्या फेरीत ज्याला आधी बोलायचं असतं त्याची खरी पंचाईत होते. समोरचा काय करणार याचा पत्ता लागण्याआधीच त्याला ठरवावं लागतं, चेक करायचं, म्हणजे पैसे न लावता पुढे सोडायचं, की पैसे लावायचे. गेल्या सत्तरेक वर्षांत या पंचाइतीवर जेवढं डोकं चाललं, तेवढं पोकरमधल्या फार थोड्या प्रश्नांवर चाललं असेल.

या सगळ्या विचारात मला सर्वांत देखणा वाटतो तो 1950 सालचा एक अगदी छोटा खेळ. हॅरॉल्ड कून या अमेरिकी गणितज्ञाने तो मांडला. पत्ते तीनच: बादशहा, राणी, गुलाम. दोन खेळाडूंना एकेक पत्ता, दोघांची एकेक चिप आधीच पॉटमध्ये आणि पुढे लावायचीही एकच चिप. आधी बोलणाऱ्याने कसं खेळावं याचं कून यांचं उत्तर असं: राणी असेल तर नेहमी चेक. गुलाम असेल तर तीनांत फार तर एकदा ब्लफ. आणि गुलामावर जितक्या प्रमाणात ब्लफ, त्याच्या तिप्पट प्रमाणात बादशहावर चिप लावायची. ब्लफ अजिबात करायचा नसेल, तर बादशहा हातात असतानाही दर वेळी चेकच! कारण उघड आहे. हा फक्त बादशहावरच चिप लावतो हे एकदा ओळखलं की राणीवाला मुकाट पत्ता टाकून देईल. इतकं चोख खेळूनही आधी बोलणारा दर डावाला सरासरी 1/18 चिप हरतो. तोटा खेळाडूच्या चुकीमुळे होत नाही, जागेमुळे होतो.

डेव्हिड स्क्लान्स्की यांनी 1980च्या दशकात हाच प्रश्न ठरावीक रकमेच्या, म्हणजे लिमिट पोकरच्या टेबलावर आणला. ब्लफ सोडला, तर शेवटी बोलणाऱ्याने कॉल झाल्यावर, म्हणजे समोरच्याने तेवढीच रक्कम लावल्यावर, आपण निम्म्याहून अधिक वेळा जिंकणार असू तरच पैसे लावावेत. आधी बोलणाऱ्याला मात्र हा नियम लागू नाही. समजा, आपण पैसे लावले तर समोरचा शंभर हातांवर कॉल करतो, त्यातले साठ आपल्यापेक्षा सरस आणि चाळीस कमी. वीस बेट्सचा तोटा. आता चेक केलं, तर तो ते साठ हात आणि वर दहा ब्लफ घेऊन पैसे लावतो, कमजोर हातांवर गप्प बसतो. पॉट मोठा असल्याने आपल्याला सोडवत नाही, आणि तोटा पन्नासवर जातो. म्हणजे हरण्याची शक्यता जास्त असूनही पैसे लावणंच शहाणपणाचं. त्या काळच्या खेळाडूंना हे पचायला जड गेलं असेल तर नवल नाही.

2003 साली क्रिस मनीमेकर विश्वविजेता झाला आणि नो-लिमिटची, म्हणजे हवी तेवढी रक्कम लावता येणाऱ्या पोकरची, लाट आली. डॅन हॅरिंग्टन यांच्या पुस्तकांतून ब्लॉकिंग बेट घरोघरी पोचली: समोरच्याने मोठी रक्कम लावू नये म्हणून आपणच आधी छोटी लावायची. पण दर वेळी मध्यम हातावरच ती लावली की जाणकार ती ओळखून रेज करतात, म्हणजे रक्कम वाढवतात, आणि ढाल आपल्याच अंगावर येते.

2015 साली अल्बर्टा विद्यापीठातल्या मायकेल बोलिंग यांच्या चमूने दोन खेळाडूंचं लिमिट होल्डेम जवळजवळ सोडवलं. त्यांच्या सिफियस या प्रोग्रॅमच्या हिशेबात डीलर, म्हणजे फ्लॉपनंतर (टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर) प्रत्येक फेरीत शेवटी बोलणारा, दर डावाला मोठ्या ब्लाइंडच्या, म्हणजे डावाआधी सक्तीने लावायच्या मोठ्या रकमेच्या, जवळपास 9 टक्के कमावतो. कून यांच्या तीन पत्त्यांनी जे सांगितलं होतं, त्यावर बावन्न पत्त्यांनी शिक्कामोर्तब केलं. त्याच सुमारास सॉल्व्हर, म्हणजे सर्वोत्तम चाल शोधून देणारे प्रोग्रॅम, खेळाडूंच्या हाती आले. आधी बोलणारा भक्कम हातही चेकमध्ये राखून ठेवतो आणि छोट्या रकमेमागेही कधी जबरदस्त हात लपवतो, हे त्यांत दिसू लागलं. हॅरिंग्टन यांची ढाल मोडीत निघाली नव्हती, तिच्यामागे फक्त तलवार हवी होती.

आधी बोलणाऱ्याच्या आणखी एका चालीची गोष्टही अशीच. आधीच्या फेरीत नुसता कॉल करून पुढच्या फेरीत स्वतःच पहिले पैसे लावणं, म्हणजे डाँक बेट, ही वर्षानुवर्षं कच्च्या खेळाडूची खूण मानली जायची. 2019 साली नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांच्या प्लुरिबस प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवलं, आणि हीच चाल तो त्या व्यावसायिकांपेक्षा कितीतरी जास्त वेळा खेळत होता.